कार्ड रीड होत नाही

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'खिशातले कागद' हा विषय कळवला, तेव्हा सातबारा, रेशनकार्ड, आधार असे मोठ्या मानाचे कागद आधी डोळ्यांसमोर आले. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. प्रवासाच्या पासाबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. तो चालतो तोवर त्याची आठवणही होत नाही, आणि बंद पडला की माणूस एकटाच खिडक्या शोधत फिरतो. म्हणून मी पास बिघडलेल्या माणसांच्या मागे जायचं ठरवलं. पास हरवलेल्यांची मला गरज नव्हती. पास हातात आहे, पैसे भरलेले आहेत, मुदत बाकी आहे, आणि तरी गाडीत बसता येत नाही, अशी माणसं मला हवी होती. ती शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

ओली तारीख

जुलैतली सकाळ. तालुक्याच्या एसटी आगारातल्या पास खिडकीसमोर नववीतली एक मुलगी आणि तिची आजी उभ्या होत्या. आदल्या आठवड्यात पावसाने दप्तर आतपर्यंत भिजलं होतं. पासावरचा फोटो शाबूत होता, नाव वाचता येत होतं, पण पेनाने लिहिलेली तारीख आणि शिक्का यांचा मिळून एक निळा डाग झाला होता. पहिल्या दिवशी वाहकाने तिला ओळखलं आणि बसू दिलं. दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा वाहक होता. "बाळा, यातली तारीखच दिसत नाही. पास चालू आहे का संपलाय, हे मी कशावरून धरू?" तो रागावला नव्हता. पण तिला तिकीट काढावं लागलं, आणि परतीचे पैसे तिने मैत्रिणीकडून घेतले.

राज्यात ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरला की झालं. आठवड्याचे सहा दिवस दहा-बारा किलोमीटर जाऊन येणाऱ्या घराला या सवलतीची किंमत कागदावर मांडून दाखवावी लागत नाही. पास बंद पडला की ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. तिकीट दोन्ही वेळचं, आणि घरात दोन पोरं असतील तर दुप्पट. अशा वेळी बहुतेक घरांत जो निर्णय होतो तो त्या आजीने मला सरळ सांगितला : "पास झाला की जाईल शाळेत. तवर राहू दे घरी."

खिडकीतल्या लिपिकाने नवीन बोनाफाईड मागितलं. शाळा गावाकडे, आगार तालुक्याला आणि बोनाफाईड मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय मिळत नाही. म्हणजे त्या कागदासाठी शाळेत जायचं, शाळेत जायला गाडी, आणि गाडीला पास. आजी खिडकीला वाकून म्हणाली, "साहेब, तुमच्या वहीत हिचं नाव असेल की."

वहीत नाव होतं. लिपिकाने रजिस्टर काढलं आणि पानं उलटली. पास क्रमांक, मार्ग, मुदत, सगळं एका ओळीत सापडलं. तो नंतर माझ्याशी बोलला तेव्हा त्याच्या आवाजात ओशाळलेपण होतं. "पासाच्या पुस्तकातला नंबर न् नंबर मोजलेला असतो. एका नावावर दोन पास गेले तर हिशेब मला द्यावा लागतो. दुसरा द्यायचा तर त्यामागे काहीतरी कागद पाहिजे." मुलगी खरं बोलते आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याला फायलीत लावायला एक कागद हवा होता, आणि तो आणायचं काम व्यवस्थेने चौदा वर्षांच्या मुलीकडे दिलं होतं. ती पुढचा आठवडा शाळेत गेली नाही. घटक चाचणी त्याच आठवड्यात होती.

वाहकाच्या बाजूने

अशा गोष्टींत वाहकाला खलनायक करणं सोपं असतं. मी काही वाहकांशी बोललो आणि माझा तसा विचार उरला नाही.

वाहकाच्या दृष्टीने बसमधल्या प्रत्येक डोक्यामागे एक नोंद लागते : तिकीट, पास किंवा सवलतीचं शून्य रकमेचं तिकीट. सवलतीच्या प्रवासाची भरपाई महामंडळ राज्य सरकारकडे मागतं आणि ती मागणी या नोंदींवर उभी असते. शिवाय रस्त्यात कुठेही तपासणी पथक चढू शकतं. माणसं आणि मशीनमधला आकडा जुळला नाही तर प्रवाशाचा दंड वेगळा आणि वाहकावरचा अहवाल वेगळा. "पोरगी रोजची आहे, मला ठाऊक आहे. पण चेकिंगवाल्याला काय सांगू, माझ्या ओळखीची आहे म्हणून?" असं एका वाहकाने मला विचारलं. बावीस वर्षं नोकरी झालेल्या या माणसाला आपल्या मार्गावरची निम्मी गावं तोंडओळखीने ठाऊक आहेत. त्या ओळखीला नियमात जागा नाही.

त्यामुळे खराब पासाचा निवाडा माणसागणिक बदलतो. मुक्कामी गाडीचा वाहक सोडतो, दुपारच्या फेरीचा सोडत नाही. प्रवाशाला हे जास्त जाचतं. स्पष्ट नकार असता तर त्याने दुसरी सोय पाहिली असती. इथे रोज सकाळी थांब्यावर उभं राहून आज कोण येतो याची वाट पाहायची.

कार्डाच्या पोटात काय असतं

शहरात कागद गेला आणि प्लास्टिक आलं. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या मेट्रोच्या फाटकांवर कार्ड टेकवून जाणाऱ्यांची रांग बघताना सगळं सुरळीत वाटतं. मधूनच कुणाच्या तरी पुढचं फाटक लाल दिवा लावतं. माणूस कार्ड पुसतो, उलटं करतो, पुन्हा टेकवतो. मागची रांग दुसऱ्या फाटकाकडे सरकते.

कार्ड पुसून काही होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की पुढचं बरंच सोपं जातं. टेकवायच्या कार्डात बॅटरी नसते. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये तांब्याच्या बारीक तारेचे काही वेढे कडेकडेने फिरवलेले असतात आणि त्यांची टोकं एका इवल्याशा चिपला जोडलेली असतात. फाटकावरचं यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं. कार्ड काही सेंटिमीटरवर आलं की त्या वेढ्यांत वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते, आपली ओळख आणि शिल्लक सांगते, पैसे वजा करून घेते आणि पुन्हा झोपते. हा सगळा व्यवहार डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतो.

बिघाड होतो तो बहुधा चिप आणि तार यांच्या जोडावर. मागच्या खिशातल्या पाकिटात कार्ड ठेवून बसलं की ते रोज थोडं वाकतं आणि एक दिवस तो जोड सुटतो. गळ्यात अडकवता यावं म्हणून लोक कार्डाला पंचने भोक पाडतात. तार कडेनेच गेलेली असते, ती तुटते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली राहिलेलं कार्ड पोक काढतं. वरून सगळं चकचकीत आणि आत तार तुटलेली. म्हणून खिडकीवरचा माणूस "पण याला काय झालंय?" असं विचारतो तेव्हा प्रवासी त्याला पटवू शकत नाही. दाखवण्यासारखं काही नसतंच.

एक गोष्ट मात्र खिडकीवरच्या पुष्कळ लोकांना कुणी सांगितलेली दिसली नाही. राष्ट्रीय सामायिक कार्डाच्या, म्हणजे एनसीएमसीच्या, तोंडावर एक सोनेरी चौकोनही असतो. तो यंत्रात खुपसून वापरायचा संपर्क. आतली चिप एकच, तिच्याकडे जायचे रस्ते दोन. तार तुटली तर टेकवण्याचा रस्ता बंद होतो, सोनेरी चौकोनाचा चालू राहू शकतो. म्हणजे फाटकाला मेलेलं वाटणारं कार्ड आतून जिवंत असण्याची आणि त्यातली शिल्लक वाचता येण्याची बरीच शक्यता असते. खिडकीवर नुसतं टेकवायचं यंत्र असेल तर तिथला माणूस प्रामाणिकपणे सांगतो, "कार्ड डेड आहे, बॅलन्स दिसत नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे दुसरं यंत्र नसतं.

आणि दर वेळी कार्डच बिघडलेलं असतं असंही नाही. पाकिटात दोन कार्डं चिकटून असली की दोन्ही एकदम उत्तर देतात आणि यंत्र गोंधळतं. एकटं काढून टेकवलं की चालतं. आदल्या प्रवासात बाहेर पडताना नोंद झाली नसेल तर कार्डाच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात, आणि आत असलेला माणूस पुन्हा आत कसा येईल म्हणून फाटक अडवतं. स्टेशनातल्या ग्राहक सेवा खिडकीवर हे तिथल्या तिथे दुरुस्त होतं. कार्डावर छापलेली मुदत संपलेली असते, ती कुणी वाचत नाही. कधी यंत्रच खराब असतं आणि शेजारच्या फाटकावर तेच कार्ड हिरवा दिवा लावतं. या चारही गोष्टी तपासायला कर्मचाऱ्याला दोन मिनिटं पुरतात. मी उभा होतो त्या रांगांत ती दोन मिनिटं फार थोड्यांना मिळाली. बहुतेकांना "नवीन घ्या" एवढंच उत्तर मिळालं.

दोन पाकिटं

एनसीएमसीची घोषणा ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादमध्ये झाली. एकच कार्ड देशभर, बसला, मेट्रोला, दुकानात. मुंबईत मेट्रोचं 'मुंबई वन' कार्ड जानेवारी २०२३ मध्ये आलं, पुणे मेट्रोचंही त्याच वर्षी. कल्पना उत्तम आहे आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तिच्यातली एक गाठ उलगडून सांगणं भाग आहे.

या कार्डात दोन वेगळ्या जागी पैसे असू शकतात : एक बँकेच्या हिशेबात, दुसरी थेट चिपमध्ये. फाटकाला चिपमधले पैसे कळतात, कारण गर्दीच्या वेळी दर माणसामागे बँकेला विचारत बसायला त्याला सवड नसते. चिपमध्ये जास्तीत जास्त दोन हजार रुपये राहू शकतात. घरबसल्या मोबाइलवरून भरलेले पैसे पुष्कळदा आधी बँकेच्या बाजूला जमा होतात आणि स्टेशनातल्या यंत्रावर कार्ड टेकवून ते चिपमध्ये उतरवून घ्यावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस पैसे भरल्याचा संदेश दाखवत फाटकासमोर उभा राहतो आणि कार्डाला दोष देतो.

आता खरंच बिघडलेल्या कार्डाचं पाहू. चिपमध्ये नेमके किती पैसे उरले होते? फाटकांवरचे व्यवहार थोड्या उशिराने बँकेकडे जाऊन पोचतात, तेव्हा शिल्लक ठरते. तोवर थांबा. शिवाय कार्डावर वाहतूक संस्थेचं नाव, बँकेचं नाव आणि रुपेची खूण अशी तीन घरं नांदतात. स्टेशनात म्हणतात, कार्ड बँकेचं, बँकेत विचारा. शाखेत म्हणतात, हे खातं आमच्या शाखेत दिसत नाही, स्टेशनात विचारा. मला भेटलेले एक निवृत्त शिक्षक हे सगळं तारीखवार वहीत टिपून ठेवत होते. त्यांच्या कार्डात साडेतीनशे रुपये होते. "रकमेसाठी नाही हो," ते म्हणाले, "पण ज्या दोन ठिकाणी माझे पैसे घेतले, त्या दोन्ही ठिकाणी ते माझे आहेत हे म्हणायला कुणी तयार नाही, याचं मला वाईट वाटतं." शेवटी त्यांनी नवीन कार्ड विकत घेतलं. जुनं अजून वहीत टाचणीने लावलेलं आहे.

कधी कार्ड ठणठणीत असतं आणि ते देणारी संस्थाच अडचणीत येते. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, त्यांत तिच्या एनसीएमसी कार्डांचाही समावेश होता. १५ मार्चनंतर त्यांत असलेली शिल्लक वापरता येत होती, नवे पैसे भरता येत नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने केवळ वाहतुकीसाठीची, केवायसी नसलेली कार्डं द्यायला परवानगी दिली. मर्यादा तीन हजार रुपयांची आणि त्यातले पैसे रोख काढण्याची किंवा परत मिळण्याची सोय नाही. कागदपत्रांशिवाय कार्ड मिळतं हे मजुराला, परगावाहून आलेल्याला फार सोयीचं आहे. पण कार्डामागे नाव नसेल तर कार्ड बिघडल्यावर ते कुणाचं होतं हे सिद्ध कसं करणार? ही किंमत कार्ड घेताना कुणी सांगत नाही. खिडकीवर एक पाटी लावून सांगता येईल.

लोकलचा सीझन

मुंबईच्या लोकलच्या पासाचा प्रकार आणखी वेगळा. कागदी सीझन तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं की महिनाभर खिशातली ऊब आणि घाम लागून छपाई प्लास्टिकला चिकटते. तिमाही पासवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. हरवलेल्या सीझन तिकिटाची दुसरी प्रत रेल्वे देत नाही आणि पैसेही परत करत नाही. अक्षरं पुसट झालेल्या पासाचं भवितव्य टीसीच्या नजरेवर असतं. तो वाचता आला नाही असं ठरलं तर रेल्वे कायद्याच्या १३८व्या कलमाखाली भाडं आणि त्यावर किमान २५० रुपये.

मोबाइलवरच्या पासाने कागद वाचवला, पण पास त्या फोनमध्ये अडकला. बॅटरी उतरली की पास उतरला. पासाचा फोटो काढून ठेवलेला असला तरी तो ग्राह्य नसतो, आणि ते बरोबरही आहे, नाहीतर एकच पास दहा जण वापरतील. डोंबिवलीच्या फलाटावर भेटलेल्या एका नर्सबाई म्हणूनच कागदी पासावर परत आल्या होत्या. रात्रपाळीनंतर फोनमध्ये चार्जिंग उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याला पास काढला की त्या त्याचा क्रमांक आणि तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहितात. पास बिघडला तर तिकीट खिडकीवर त्या नोंदीचा काय उपयोग होईल, असं मी विचारलं. "नाही होणार," त्या म्हणाल्या, "पण मी खरी आहे हे मला तरी दाखवता येईल."

जिथे बिघडायला काही नाही

याच राज्यात, याच एसटीत, उलटं उदाहरण समोर आहे. ६५ वर्षांवरच्या नागरिकांना अर्ध्या तिकिटासाठी २०१९ मध्ये आधारशी जोडलेलं स्मार्ट कार्ड आणलं गेलं. ते काढून घेण्याची मुदत किती वेळा वाढवली गेली हे ज्येष्ठांना विचारा. आगारात रांगा, बोटांचे ठसे न उमटणं, मशीनला कार्ड न कळणं, असा तो सगळा काळ होता. पुढे २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास सुरू झाला. त्यासाठी वेगळा पास काढावा लागला नाही. वय दाखवणारं कुठलंही मान्य ओळखपत्र पुरतं. वाहक वय बघतो आणि शून्याचं तिकीट देतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धं तिकीट झालं, त्यालाही कार्ड नाही. सवलत मोठी, लाभार्थी प्रचंड, आणि बिघडण्यासारखी वस्तूच मध्ये नाही.

प्रत्येक सवलत अशी देता येणार नाही, हे मान्य. विद्यार्थ्याचा मार्ग ठरलेला असतो, मुदत असते, पैसे आगाऊ भरलेले असतात. त्याला काहीतरी खूण लागणारच. पण ती खूण म्हणजे हक्क नव्हे. हक्क आगाराच्या रजिस्टरमध्ये, बँकेच्या हिशेबात, रेल्वेच्या संगणकात आधीच नोंदलेला असतो. खूण खराब झाली तर नोंद बघून दुसरी देणं हे नोंद ठेवणाऱ्याचं काम आहे. आज ते काम भिजलेला कागद हातात घेऊन आलेल्या मुलीकडे आणि वही घेऊन फिरणाऱ्या शिक्षकाकडे गेलं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि अन्याय रकमेने लहान असला म्हणून तो मोजायचा नाही हे मला पटत नाही.

काय करता येईल, हे त्या आगारातल्या लिपिकानेच सांगितलं. खिडकीला आठ दिवसांची तात्पुरती चिठ्ठी द्यायचा अधिकार हवा : मूळ पासाचा क्रमांक, मुदत, सही, शिक्का. खराब पास जमा करून घ्यायचा, म्हणजे एका नावावर दोन पास फिरत नाहीत आणि वाहकालाही दाखवायला कागद मिळतो. बोनाफाईडची खातरजमा आगाराने शाळेला फोन करून करायची. त्याच्या मते याला ना नवं यंत्र लागतं ना नवा निधी. वरून एक परिपत्रक लागतं.

शाळा आणि आगार एकमेकांशी थेट बोलू शकतात हे तर सिद्ध झालेलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये एसटीने पास शाळेतच नेऊन देण्याची मोहीम घेतली. शाळांनी विद्यार्थ्यांची यादी द्यायची आणि कर्मचाऱ्यांनी शाळेत येऊन पास वाटायचे. हजारो पोरांच्या आगाराच्या फेऱ्या वाचल्या. सुरुवातीच्या पासाला चालणारी ही यादी पावसाळ्यात भिजलेल्या पासालाही चालायला हवी. त्या मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी हेच आगार व्यवस्थापकांना लेखी कळवलं आहे. यादीची प्रत, प्रत्येक नावापुढे पास क्रमांक आणि खाली शाळेचा फोन नंबर. पत्राची पोच त्यांच्याकडे आहे, उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होईल तेव्हा ते स्वतः आगारात जाणार आहेत.